हिरव्या एमजीचं हेड

शेजवलकरांनी बॉनेटचं एक पान उचललं, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि इंजिनाला हात लावण्याआधी स्वतःचीच बोटं पुसली. ते बघूनच मला घाम फुटला. टायरला लाथ मारून बघणारं गिऱ्हाईक असतं तर मी निर्धास्त राहिलो असतो. हा माणूस जाणकार होता.

"हुपरीकर सर, तुम्ही मघापासून येरझाऱ्या घालताय," ते म्हणाले. "मुलगी दाखवायला काढल्यासारख्या."

"तसंच आहे," मी म्हणालो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, बाबालाल मुजावर मिस्त्रींच्या शेडसमोर गाडी उभी होती. एमजी, बावन्न सालची. गर्द हिरवा रंग, दोनच माणसांची जागा, वर छप्पर नाही, पुढं लांबलचक बॉनेट. एका इनामदारांनी हौसेनं विलायतेहून मागवलेली. गडहिंग्लजकडच्या एका गोठ्यात मला ती सापडली तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. इंजिन कसं चालतं ते फळ्यावर सांगणं मला छान जमायचं, पण प्रत्यक्षात ते चालवलं मिस्त्रींनी. नऊ वर्षं लागली.

त्या नऊ वर्षांतली एक गोष्ट आधी सांगायला हवी. इंजिनाच्या वरचा जो जाड लोखंडी भाग असतो, ज्याला गॅरेजवाले हेड म्हणतात, तो आमच्या गाडीत उभा तडकलेला होता. कुणीतरी रेडिएटरमध्ये पाणी नसताना ती पळवली होती. दुसरं हेड मिळेना. मुंबई झाली, मद्रास झालं, विलायतेला पत्रं गेली. शेवटी एका संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, "सर, आपुनच वतूया की." मी हसलो. ते हसले नाहीत. तडकलेलं हेड पुढ्यात ठेवून त्यांनी सागवानाचा साचा कोरला. जुन्या हेडवर इंग्रजी कारखान्याचे उठावाचे आकडे होते, तेसुद्धा जसेच्या तसे कोरले, आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत ते ओतून घेतलं. पहिलं निघालं ते भोकाभोकाचं. दुसऱ्यात आतल्या पाण्याच्या वाटा बुजल्या. तिसरं त्यांनी शेडमध्ये आणलं आणि तीन महिने रोज संध्याकाळी ते कानस घेऊन ते घासत बसले. गाडी सुरू झाली त्या दिवशी मी त्यांना मिठी मारली, तर "शर्ट खराब हुईल सर" म्हणून त्यांनी मला मागं ढकललं.

मग विकायची कशाला? कुमुद, म्हणजे माझी बायको, हेच विचारायची. त्याचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. गाडी पुरी झाली आणि माझा जीव कशातच लागेना. नऊ वर्षं रोज संध्याकाळी जायला एक जागा होती, डोक्यात घोळवायला एक अडचण होती. आता नुसती गाडी होती. चालवायला बसलो की सगळा जीव कानात. पन्हाळ्याच्या रस्त्यानं जाताना काहीतरी वाजतंय असं वाटायचं. थांबायचो, उतरायचो, बॉनेट उघडायचो, आणि तिथं काही नसायचं. दोन वर्षांत त्या गाडीतून मी एक झाड धड बघितलं नाही. त्यात लग्नसराई आली की वरातीसाठी गाडी मागायला ओळखीचे-बिनओळखीचे दारात. कुमुद एकदा म्हणाली, "एक तर तिला द्या, नाहीतर मला द्या. दोघींना ही वणवण सोसवत नाही."

म्हणून पुण्याच्या शेजवलकरांना पत्र टाकलं. जुन्या गाड्यांच्या वर्तुळात त्यांचा शब्द प्रमाण मानायचे. त्यांनी उलट टपाली कळवलं की भाव तुम्ही म्हणाल तो, पण गाडी अस्सल हवी.

आता त्यांचं बोट हेडच्या कडेवरून सावकाश फिरत होतं. आंधळ्यानं वाचावं तसं ते आकड्यांवरून गेलं, परत आलं. मिस्त्री शेडच्या दाराशी हात पुसत उभे होते. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: शेजवलकर, हे हेड या माणसानं बनवलंय. बस, एवढंच सांगायचं होतं.

"वा!" शेजवलकर म्हणाले. "मूळचं हेड! इतक्या वर्षांत बहुतेकांनी बदलून टाकली हो. हे अस्सल आहे. ओतकाम बघा, कडा बघा. असं काम आता होत नाही कुठं." मग माझ्याकडे वळून, "मूळचंच ना?"

"हो," मी म्हणालो.

कसा म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. व्यवहार मोडेल ही भीती होतीच. पण त्याहून जास्त म्हणजे ती गाडी एकदाची डोळ्यांसमोरून जावी, माझे कान मोकळे व्हावेत, अशी घाई झाली होती. तोंडातून शब्द गेला आणि मी मिस्त्रींकडे बघायचं टाळलं.

शेजवलकरांनी मात्र बघितलं. "मिस्त्री, तुम्ही हे हेड कधी उघडलं होतं?"

मिस्त्रींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "न्हाई साहेब. ह्येला माझा हात न्हाई लागला."

उद्यमनगरात एक नियम होता. लिहिलेला नव्हता, पण लेथवाल्यापासून वेल्डरपर्यंत सगळे पाळायचे. एखाद्या कामाबद्दल मिस्त्रीनं चारचौघांत 'ह्याला माझा हात लागलेला नाही' म्हटलं, की त्यानं त्या कामाला पुन्हा कधी हात लावायचा नाही. बिघडलं की 'माझं नव्हे' आणि चांगलं चाललं की 'माझंच', असं दोन्हीकडून खाता येऊ नये म्हणून तो नियम. म्हणजे माझा शब्द राखण्यासाठी मिस्त्रींनी त्या एका वाक्यात नऊ वर्षांवर पाणी सोडलं होतं. आणि मी तिथं खांबासारखा उभा होतो.

शेजवलकर गाडी घेऊन गेले. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत राहिलो. मागं वळलो तर मिस्त्री दारात नव्हते. ते आत जाऊन पाठमोरे उभे होते आणि त्यांनी लेथ सुरू केला होता. लेथवर काहीच लावलेलं नव्हतं, तो नुसताच फिरत होता.

"मिस्त्री," मी म्हणालो.

"जावा सर, जेवायची येळ झाली," ते वळून न बघता म्हणाले.

त्या दिवसापासून पाच महिने मला चैन पडलं नाही. गाडी होती तेव्हा निदान बॉनेट उघडून बघता यायचं. आता आतलं जे वाजत होतं ते उघडणार कसं? उद्यमनगरावरून जायचा माझा रोजचा रस्ता मी बदलला. शाहूपुरीतून वळसा घालून कॉलेजला जायचो. वर्गात ऊष्मागतिकी शिकवताना 'सिलिंडर हेड' हा शब्द आला की जीभ अडखळायची. रात्री जेवताना मध्येच उठून खिडकीशी जायचो.

एकदा भाजी घेताना मिस्त्री समोर आले. डोक्यावर नवी पांढरी टोपी, चेहरा हसरा. "काय सर, लई दिसात फिरकला न्हाईसा! रागावलासा काय?"

मी रागावलो! ज्याचं मी चोरलं तोच मला विचारत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्यांच्या प्रत्येक शब्दात मला टोचणी दिसत होती. "परीक्षा चालल्यात," असं काहीतरी पुटपुटून मी मेथीची जुडी न घेताच निघालो. मागून त्यांचा आवाज आला, "या की वो सवडीनं, च्या घ्यायला!" किती मोठं मन आहे या माणसाचं, असं वाटून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी कुमुदला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सोलता सोलता ऐकलं.

"मग सांगून टाका ना खरं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"त्या पुण्याच्या गृहस्थांना. गाडी परत देतील, नाहीतर दोन शब्द ऐकवतील. गिळायचे."

"मिस्त्रींच्या समोर सांगायला हवं. त्यांच्यासमोर खोटं बोललो, त्यांच्यासमोरच खरं बोलेन. त्यांचं श्रेय त्यांना मिळायला हवं."

"ते ठीक. पण मिस्त्रींना विचारलंत का आधी?"

"त्यात विचारायचं काय? आपलं नाव कुणाला नको असतं?"

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढची शेंग उचलली. मी तेव्हा तिच्याकडे नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत शेजवलकरांचा फोन आला. पुण्याहून बेळगावपर्यंत जुन्या गाड्यांची फेरी निघाली होती, रविवारी कोल्हापुरात मुक्काम. "तुमची लेक माहेरी येतेय," ते म्हणाले, "भेटायचं असेल तर या." मी म्हणालो, "उद्यमनगरात येता का? मिस्त्रींच्या शेडवर. मला तुमच्याशी बोलायचंय." ते आनंदानं हो म्हणाले.

शनिवारी मला झोप नव्हती. रविवारी सकाळी दाढी करताना दोनदा कापलं. वाक्य मी इतक्या वेळा घोकलं होतं की शेवटी शेवटी त्याचा अर्थच उरला नव्हता. तासभर आधीच शेडवर जाऊन पोचलो.

मिस्त्रींनी मला बघून हातातली कानस खाली ठेवली. "आला! या या! आवो, स्टूल द्यायचं राहिलं, हितं बसा." त्यांनी स्वतः फडक्यानं स्टूल पुसलं. "आनि आज सुट्टीचं कसं काय?"

"शेजवलकर येताहेत. गाडी घेऊन."

मिस्त्रींचा चेहरा उजळला. मला वाटलं, गाडी बघायला मिळणार म्हणून. "येऊ द्या की! कशी चालतीया बघू. हात न्हाई लावायचा आपुन, पर बघायला काय?" आणि ते आत जाऊन हात साबणानं धुऊन आले. हात लावायचा नसताना.

गाडी आली. लांबूनच तिचा आवाज ओळखू आला, आणि पहिल्यांदाच मी तो आवाज दोष न शोधता ऐकला. शेजवलकरांच्या डोक्यावर टोपी, गॉगल, गालांवर ऊन. ते उतरले, मिस्त्रींशी हस्तांदोलन केलं. "मिस्त्री, काय गाडी आहे! साताऱ्यात परीक्षकांनी पहिला नंबर दिला. अस्सल भागांसाठी वेगळं बक्षीस."

"व्हय?" मिस्त्री म्हणाले. "अस्सल भागांसाठी?"

"मग! हेडचा तर खास उल्लेख झाला."

मिस्त्री खाली मान घालून हसले. मला ते हसू सोसवेना. हा माणूस अजूनही माझी लाज झाकतोय, असं माझ्या मनात आलं, आणि मी बोलून गेलो.

"शेजवलकर, ते हेड अस्सल नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो. जुनं तडकलं होतं. हे हेड या मिस्त्रींनी घडवलंय. साचा यांनी कोरला, ओतून यांनी घेतलं, आकडेसुद्धा यांच्या हातचे. त्या दिवशी ते नाही म्हणाले ते माझा शब्द पडू नये म्हणून. तुम्हाला गाडी परत द्यायची असेल तर मी तयार आहे."

एका दमात झालं. छाती मोकळी झाली. पलीकडच्या शेडमध्ये कुणीतरी घण मारत होतं, तो आवाज मला पहिल्यांदाच गोड वाटला.

शेजवलकरांनी गॉगल काढला. रागावले नाहीत. रागावले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी बॉनेटचं पान उचललं आणि पुन्हा तेच बोट हेडवर ठेवलं. या वेळी रुमाल काढला नाही. बोट कडेवरून गेलं, थांबलं, मागं आलं.

"हं," ते म्हणाले. "आता सांगितल्यावर कळतंय. ही कड जरा जाड आहे. आणि हा तीनचा आकडा... वळण वेगळं आहे याचं." त्यांनी बोटावरचं तेल अंगठ्यानं चोळलं. "तरीच मला गाडी चढाला किंचित जड वाटत होती."

"जड?" मिस्त्री म्हणाले.

"थोडीशी. पण म्हणून काय झालं? इथल्या मानानं फारच सुरेख काम आहे. कमालच म्हणायची!" त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर थाप मारली. "शाबास! आणि सर, तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत. गाडी वगैरे परत नको. इंग्लंडमध्ये माझा एक मित्र आहे, त्याच्याकडून मूळचं हेड मागवीन आणि बदलून घेईन. साताऱ्याचं बक्षीस मात्र परत करायला हवं. आणि हे हेड मी टाकणार नाही हं, मिस्त्री. शोकेसमध्ये ठेवीन."

"ठेवा साहेब," मिस्त्री म्हणाले.

"जाता जाता एवढा एक नट आवळता का? जरा सैल वाटतोय. आता तर सगळं उघडच झालंय."

"नगं साहेब. बोललो ते बोललो. समोरचा गणपत आवळंल."

गणपतनं नट आवळला. शेजवलकर निघाले, हात हलवत गेले. मी मिस्त्रींकडे वळलो. त्यांच्या डोळ्यांत काही असेल तर ते कृतज्ञतेचं असेल अशी माझी खात्री होती. मी तर पुढचं वाक्यही तयार ठेवलं होतं, 'आभार कसले, तुमचंच तुम्हाला दिलं.'

मिस्त्री स्टुलावर बसले होते. माझ्यासाठी पुसलेल्या.

"कशाला बोललासा, सर?"

मला कळेना. "म्हणजे? तुमचं काम आहे ते. मी तुमचं नाव झाकलं होतं."

"नाव झाकलं?" त्यांनी मान हलवली. "सर, मी अकरा वर्सांचा आसल्यापासनं हितं काम करतोय. चाळीस वर्सं झाली. जो येतो त्यो म्हनतो, बाबालाल, हितल्या मानानं झ्याक केलंयस. कोल्हापूरच्या मानानं. मिस्त्रीच्या मानानं. त्या दिशी त्या मानसानं, ज्येनं विलायतेत जाऊन गाड्या बगितल्यात, त्येनं माझ्या लोखंडावरनं बोट फिरिवलं आनि म्हनला, असं काम आता हुत न्हाई कुटं. कुनाच्या मानानं न्हाई म्हनला. नुसतं म्हनला. मी केलंय म्हनून सांगितलं आसतं, तर लगीच त्येला कड जाड लागली आसती. आज लागली का न्हाई?"

मी मान डोलावली.

"मला तुमचा शब्द राखायचा नव्हता सर. मला त्येचा शब्द राखायचा हुता. म्हनून न्हाई म्हनलो. आत पळालो, लेथ चालू केला, का तर हसू दिसू ने. घरात जाऊन बायकूला, हमीदाला सांगितलं. तिनं सन नसताना शीरखुर्मा केला. पाच म्हयनं मी ह्या गल्लीतनं फिरताना मनात म्हनायचो, जा रं, कुनाला ठावं हाय, तुझं हेड विलायती ठरलंय. कुनाला सांगायचं नव्हतं म्हनून तर त्यात मजा हुती. आनि आज साताऱ्याचं बक्षीस! अर्धा मिनिट मिळालं मला त्ये." ते थांबले. "म्या तुमाला च्याला बोलिवलं हुतं त्ये ह्येच सांगायला. तुमी आला न्हाईसा."

"मला वाटलं..." मी म्हणालो, "मला वाटलं, तुमच्यावर अन्याय झालाय. मला झोप लागत नव्हती, मिस्त्री."

"व्हय, त्ये कळलं. तोंड उतरलं हुतं तुमचं."

ते उठले. कानस उचलली, तिचे दात अंगठ्यानं चाचपले, परत ठेवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. पण आजाऱ्याची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, मनापासून.

"मग सर, आता लागंल का झोप?"

या गोष्टीला तीस वर्षं झाली. त्या रात्री मी नवाला पडलो आणि कुमुदनं हलवून उठवलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते.